कांजी, ताणा आणि चार हजार अक्षरे : एका प्रवेश अर्जाचे प्रकरण

इचलकरंजीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या बारावी विज्ञानच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने २०२६ च्या प्रवेशासाठी ब्रिटनमधील पाच विद्यापीठांकडे अर्ज केला, त्याचे शिफारसपत्र मी लिहिले, आणि त्या निमित्ताने नोव्हेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ या काळात तो अर्ज कसकसा बदलत गेला हे जवळून पाहायला मिळाले. आमच्या भागातून अभियांत्रिकीनंतर एमएससाठी परदेशी जाणारी मुले पुष्कळ आहेत. बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणारा मात्र विरळा, त्यामुळे या अर्जाविषयी पालकांना, सहकाऱ्यांना आणि खरे सांगायचे तर मलाही फारसे ठाऊक नव्हते. विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या संमतीने, नाव वगळून, ते प्रकरण येथे मांडतो आहे.

विद्यार्थ्याच्या वडिलांचा चोवीस साध्या यंत्रमागांचा कारखाना आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने हा उद्योग गावात रुजला, आणि आज इथल्या बहुतेक घरांचा कुठून ना कुठून सुताशी संबंध पोहोचतो. त्या अर्थाने हे घर काही वेगळे नव्हे. मुलाला मात्र टेक्स्टाइल नव्हे, मटेरियल्स सायन्स शिकायचे होते. या विषयाला मराठीत अजून नीट शब्द रुळलेला नाही. ‘पदार्थविज्ञान’ म्हटले की लोक भौतिकशास्त्र समजतात, आणि त्याच्या वडिलांचाही दोन महिने तोच समज होता. धातू, काच, पॉलिमर (लांब साखळ्यांच्या रेणूंचे पदार्थ), तंतू यांची आतली रचना आणि त्यांचे गुणधर्म यांचा संबंध शोधणारे हे शास्त्र, असे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सूत का तुटतं ते शिकवणार तिथं. मग ठीक आहे.” या वाक्यात किती अर्थ भरला आहे हे त्या दिवशी मुलाच्याही लक्षात आले नाही आणि माझ्याही नाही.

ब्रिटनमधील पदवी प्रवेशाचे अर्ज यूकास या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. एका अर्जात जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात आणि पाचही ठिकाणी एकच पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जदाराचे निवेदन, जाते. २०२५ च्या प्रवेशापर्यंत हे निवेदन एका सलग निबंधासारखे असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्या जागी तीन प्रश्न आले: हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही आणखी काय केले व ते कशामुळे उपयोगी आहे. तिन्ही उत्तरे मिळून, मोकळ्या जागा धरून, ४,००० अक्षरांची कमाल मर्यादा, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकाच्या बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते. इतर बहुतेक अभ्यासक्रमांसाठी ती १४ जानेवारी २०२६ रोजी तिथल्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे आपल्याकडील रात्री साडेअकरापर्यंत होती. आमच्या विद्यार्थ्याने मँचेस्टर, शेफील्ड, बर्मिंगहॅम, लफबरो आणि लंडनचे क्वीन मेरी ही पाच नावे निवडली आणि पाचही ठिकाणी विषय एकच ठेवला. हे त्याने कोणी न सांगता योग्य केले, कारण एकाच निवेदनातून दोन विषयांची ओढ दाखवू पाहणारा विद्यार्थी दोन्हीकडे अर्धामुर्धा दिसतो.

पहिला मसुदा

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने पहिला मसुदा आणून दिला. ३,९८० अक्षरे, व्याकरण निर्दोष, इंग्रजी माझ्यापेक्षा सरस. पहिल्या वाक्याचा आशय असा होता: ‘लहानपणापासूनच मला आजूबाजूच्या वस्तू कशापासून बनतात याचे विलक्षण कुतूहल होते.’ पुढे आठव्या वर्षी खेळण्यातली मोटार उघडून पाहिल्याचा प्रसंग, त्यानंतर ग्राफीनची, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या थराची, थोरवी, आणि शेवटी पर्यावरणपूरक पदार्थ निर्माण करून जगाचे भले करण्याचा निश्चय. मी त्याला एवढेच विचारले की ती मोटार कोणत्या रंगाची होती. तो आधी गप्प राहिला, मग हसला. मोटार नव्हतीच. कोल्हापुरातील एका सल्लागाराने नमुन्यादाखल दिलेल्या निवेदनांपैकी एकात रेडिओ उघडल्याचा प्रसंग होता, त्या रेडिओची याने मोटार केली होती.

अशा मोटारी किती अर्जांतून धावत असतात याचा एक दाखला उपलब्ध आहे. २००७ साली यूकासने सुमारे ५०,००० अर्जांतील निवेदने संगणकाच्या साहाय्याने ताडून पाहिली, तेव्हा २३४ अर्जदारांनी एकच आठवण लिहिल्याचे उघड झाले: आठव्या वर्षी रसायनांचा खेळ करताना आपल्या पायजम्याला भोके पाडल्याची. तेव्हापासून निवेदनांची अशी साधर्म्य तपासणी नेहमीची झाली आहे, आणि आता अर्ज पाठवताना निवेदन दुसऱ्या कोणाकडून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून घेतलेले नाही असे जाहीरही करावे लागते. पकडले जाण्याची भीती घालण्यासाठी मी ही गोष्ट त्याला सांगितली नाही. या प्रकरणातला खरा तोटा निराळाच होता. ज्या अक्षरांत त्याने खोटी मोटार उघडली, तेवढ्याच अक्षरांत तो एखादी खरी गोष्ट सांगू शकला असता, आणि ती सांगण्याजोगी आहे हेच त्याला वाटत नव्हते.

मसुद्यात इचलकरंजी एकदाच आली होती. आमच्या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, त्यामुळे मूळ मँचेस्टरमध्ये जाऊन शिकणे हे माझे स्वप्न आहे, असे ते वाक्य. वर्गात टाळ्या मिळाव्यात असे हे वाक्य अर्जात दोन बाजूंनी अंगाशी येते. एक तर तेच निवेदन शेफील्ड आणि बर्मिंगहॅमच्या प्राध्यापकांपुढेही जाणार होते, आणि दुसऱ्याच विद्यापीठात जायचे स्वप्न असलेला मुलगा आपल्याकडे कशाला, असे त्यांना वाटल्यास दोष देता येत नाही. दुसरे असे की गावाच्या टोपणनावावरून गावाविषयी कळते, मुलाविषयी काहीच कळत नाही. ते वाक्य काढायला तो दोन आठवडे तयार नव्हता. त्याला ते फारच आवडले होते.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जिल्हास्तरीय बुद्धिबळ, गणेश मंडळाचे स्वयंसेवक पथक, रक्तदान शिबिरातील मदत आणि दोन ऑनलाइन प्रमाणपत्रे अशी यादी होती. यादीतली प्रत्येक गोष्ट खरी होती. पण प्रश्न तुम्ही काय काय केले एवढाच नाही. ते या विषयाच्या तयारीला कशामुळे उपयोगी आहे, हा त्याचा दुसरा भाग आहे, आणि त्या भागाचे उत्तर यादीत कुठेच नव्हते. बुद्धिबळामुळे एकाग्रता वाढते हे वाक्य कोणताही खेळाडू कोणत्याही विषयासाठी लिहू शकतो.

कारखान्यात

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या कारखान्यात गेलो. निमित्त निराळे होते. शिफारसपत्रात मुलाची पार्श्वभूमी लिहायची तर ती पाहिलेली असावी असे मला वाटले. चोवीस माग चालू असताना शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे सगळे हाताच्या खुणांनी बोलतात. मुलगा एका मागापाशी थांबला, फणीच्या मागच्या बाजूला बोट करून त्याने मला एक तुटलेली तार, म्हणजे धागा, दाखवली, आणि विणकराने माग थांबवून गाठ मारेपर्यंत किती सेकंद जातात हे बोटांवर मोजून दाखवले. त्यांच्या मागांना ताण्याची (उभ्या धाग्यांतली) तार तुटल्यावर आपोआप थांबण्याची सोय नाही. विणकराच्या नजरेला ती दिसली तर ठीक, नाही तर कापडात दोष उतरतो. बाहेर चहाच्या टपरीवर आल्यावर हा मुलगा जे सलग पाऊण तास बोलला, ते त्या ३,९८० अक्षरांत कुठेही नव्हते.

ताण्याच्या सुताला विणण्याआधी खळ, म्हणजे कांजीचा लेप, चढवतात. सायझिंगमध्ये, म्हणजे खळ देण्याच्या या प्रक्रियेत, स्टार्चची गरम कांजी एका हौदात असते, सूत त्यातून जाते, रोळांमधून पिळून निघते, वाळते आणि बीमवर, म्हणजे मागावर चढवायच्या मोठ्या रुळावर, गुंडाळले जाते. कांजीच्या या पातळ लेपामुळे धाग्याच्या पृष्ठभागावरचे केस बसतात आणि मागावरचे घर्षण सोसण्याचे बळ त्याला येते. उन्हाळ्यात दुपारी तारा जास्त तुटतात हे इथल्या प्रत्येक जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराला, माहीत आहे. त्यांच्या जॉबरने मला त्याचे कारणही तिथल्या तिथे सांगितले: “उन्हाचं सूत कडाक हुतंय सर. कांजी पापडागत मोडती.” मुलाला हे कारण पुरेसे वाटत नव्हते. हवा कोरडी झाली की स्टार्चचा लेप ठिसूळ होतो हे खरे, कारण त्यातले पाणीच त्याला लवचीक ठेवत असते. पण कापसाचा तंतूही ओलाव्यात जास्त बळकट असतो आणि कोरडा पडला की त्याची ताकद घटते. म्हणजे दुपारी आधी मोडते ते काय, कांजी की सूत? दोन्ही कारणांचा परिणाम एकच दिसत असल्यामुळे मागापाशी नुसते उभे राहून हे सांगता येत नाही.

आणि तो नुसता उभा राहिला नव्हता. अकरावीनंतरच्या सुट्टीत, २८ एप्रिल ते २३ मे २०२५ या काळात, त्याने चार मागांवर दर तासाला किती गाठी मारल्या जातात याची नोंद ठेवली होती. दिवाणजींच्या हजेरीवहीतली कोरी पाने, त्यावर पेन्सिलने आखलेले रकाने, आणि प्रत्येक ओळीशेजारी, हवेतला ओलावा कळावा म्हणून, ओल्या व कोरड्या थर्मामीटरची तापमाने. ओला थर्मामीटर म्हणजे फुग्याभोवती घरच्या धोतराची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेला साधा थर्मामीटर. सव्वीस दिवसांपैकी एकोणीस दिवसांच्या नोंदी होत्या. पहिल्या दोन आठवड्यांत सकाळी एका मागावर तासाला सरासरी दीड गाठ, दुपारी एक ते चारमध्ये सरासरी तीन. मेच्या मध्यापासून त्या वर्षी महाराष्ट्रात अवकाळी पावसाने जोर धरला, हवेतला ओलावा वाढला, आणि दुपारच्या गाठीही कमी झाल्या. आपली शंका सिद्ध झाली असे समजून तो खूश झाला होता. मग वही चाळताना त्याच्याच लक्षात आले की त्याच दोन-तीन दिवसांत चारपैकी तीन मागांवरचे बीम संपून दुसऱ्या लॉटचे बीम चढले होते. आता गाठी कमी झाल्या त्या पावसामुळे की नव्या खळीमुळे, हे सांगायची सोय उरली नव्हती. “म्हणून ते लिहिलं नाही सर,” तो म्हणाला. “प्रयोग फसला ना.”

मी पंधरा वर्षे प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासतो आहे. आलेख सरळ रेषेत यावा म्हणून निरीक्षणे मागाहून भरलेल्या वह्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्याबद्दल मुलांपेक्षा आमची गुण देण्याची पद्धत जास्त दोषी आहे. स्वतःच्या वहीत स्वतःच्या निष्कर्षाविरुद्धचा पुरावा शोधून काढणारा विद्यार्थी मला त्या काळात एकही आठवत नाही. तरीही ही वही त्याने प्रवेश अर्जासाठी निकामी ठरवली होती, कारण यशाची गोष्टच सांगायची असते असे त्याला नमुन्यांनी शिकवले होते.

पुन्हा लेखन

यानंतर निवेदनाचा मी एक शब्दही लिहिला नाही, याची नोंद येथे करणे आवश्यक आहे. शिफारस देणाऱ्यानेच निवेदन घडवले तर दोन्ही कागदांतून एकच आवाज येतो आणि दोन्हींची किंमत जाते. मी फक्त प्रश्न विचारले आणि एक सूचना केली: टपरीवर जे सांगितलेस ते आधी मराठीत, जसे बोललास तसे, लिहून काढ. ही सूचना भाषाप्रेमापोटी नव्हती. इंग्रजीत लिहायला बसला की तो आपोआप नमुन्यांच्या इंग्रजीत विचार करू लागे. ‘विलक्षण कुतूहल’ तिथूनच आले होते. मराठीत त्याने चार पाने लिहिली. त्यांत कुतूहल हा शब्द एकदाही नव्हता आणि प्रश्नचिन्हे एकोणीस होती. त्या चार पानांतून त्याने निवडक भाग स्वतःच इंग्रजीत आणला. खळ, बीम, ताणा यांना इंग्रजीत रूढ शब्द आहेत. ‘पापडागत मोडती’चे काय करायचे यावर मात्र त्याची एक संध्याकाळ गेली. शेवटी त्याने पापड तसाच ठेवला आणि पुढे चार शब्दांत तो काय असतो ते सांगितले.

पहिल्या उत्तराची सुरुवात आता थेट प्रश्नाने झाली: मे महिन्यातील कोरड्या दुपारी मागावर आधी मोडते ते सूत की त्यावरचा स्टार्चचा लेप? त्याला हा विषय का शिकायचा आहे याचे उत्तर यातच होते. दिसणारा परिणाम एक, त्यामागची कारणे दोन पदार्थांच्या आतल्या रचनेत, आणि ती वेगळी करण्याची साधने आपल्याकडे नाहीत, असे त्याने तीन वाक्यांत मांडले. वडिलांनी अनेकदा विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तरही याच भागात आले. गावात १९८२ पासून डीकेटीईसारखी वस्त्र अभियांत्रिकीची नामवंत संस्था असताना मुलाने सातासमुद्रापार कशाला जायचे, हा तो प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता. निवेदनात हे विचारलेले नसते. पण ज्याने स्वतःशी याचे उत्तर दिलेले नाही त्याचे लिखाण कुठेतरी डळमळते. त्याने लिहिले की कापड चांगले कसे विणावे हे शिकवणारी माणसे माझ्या आजूबाजूला भरपूर आहेत, मला त्याच्या एक पायरी खाली उतरून धागा आणि लेप यांच्या सीमेवर काय घडते ते पाहायचे आहे. वडिलांना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती असे मुलगा म्हणतो.

दुसऱ्या उत्तराला सर्वांत जास्त जागा मिळाली, आणि माझ्या मते ते सर्वांत कसदार झाले. पहिल्या मसुद्यात या ठिकाणी दहावीचे गुण, अकरावीतला क्रमांक आणि ‘भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राने माझा पाया भक्कम केला’ असे वाक्य होते. गुण अर्जाच्या दुसऱ्या रकान्यात असतातच. ते पुन्हा लिहिण्यात अक्षरे फुकट जातात. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात दुसरेच प्रकरण द्रवांच्या यांत्रिक गुणधर्मांचे आहे आणि त्यात व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, येते. आमच्या प्रयोगशाळेत त्याने मक्याच्या स्टार्चची कांजी शिजवली आणि काचेच्या नरसाळ्यातून ठरावीक कांजी वाहून जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहिले. थंड होत गेली तशी ती सावकाश वाहू लागली. हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते असे की त्याच तापमानाची कांजी नुकतीच जोरात ढवळलेली असली तर लवकर वाहून जाई आणि तशीच ठेवून दिलेली असली तर उशीर लावी. पाठ्यपुस्तकातील सूत्रात व्हिस्कॉसिटी ही त्या द्रवाची त्या तापमानाला ठरलेली राशी असते. कांजीला ते मान्य नव्हते. तो माझ्याकडे आला, मी त्याला सांगितले की सगळे द्रव पुस्तकातल्या नियमाने वागत नाहीत, आणि याहून जास्त मलाही नीट सांगता आले नाही. मग त्याने एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानमालेतली पॉलिमरविषयीची व्याख्याने ऐकली. रसायनशास्त्राच्या पुस्तकात स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन हे दोन घटक येतात, त्याच पुस्तकात पुढे पॉलिमरचे प्रकरणही आहे. लांब साखळ्यांची ती जाळी ढवळल्याने सैल होते आणि थांबले की पुन्हा गुंतते, हे त्याने त्यांच्याशी जोडून समजून घेतले. निवेदनात हे सगळे आले, आणि शेवटी एक प्रांजळ वाक्य: सायझिंगच्या हौदात कांजी सतत फिरत असते, त्यामुळे मी नरसाळ्यात मोजलेली संख्या तिथे लागू पडेल की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या वाक्यावर घरी वाद झाला. आपल्याला अमुक जमलेले नाही असे प्रवेशाच्या अर्जात कोण लिहितो, असे त्याच्या मामांचे म्हणणे होते. त्यांचा आक्षेप मी समजू शकतो. आपल्याकडे मुलाखतीत ‘माहीत नाही’ म्हणणे म्हणजे हरणे. पण निवेदन वाचणारे बहुधा त्या विषयाचे लोक असतात, आणि कुठपर्यंत कळले व कुठे अडले हे नेमके सांगणारा विद्यार्थी त्यांना पुढे काय शिकवायचे तेही सांगत असतो. वाक्य राहिले.

तिसऱ्या उत्तरात हजेरीवहीतली नोंद आली, बीम बदलल्याने झालेल्या घोळासकट. बुद्धिबळ, मंडळ आणि शिबिर गेले. बुद्धिबळाचे प्रमाणपत्र जाण्याचे दुःख आईला सर्वांत जास्त झाले, आणि ते मी समजावून दूर करू शकलो नाही. पहिल्या मसुद्यात तीन उत्तरांची विभागणी १,९६०, १,१४० आणि ८८० अक्षरे अशी होती. शेवटच्या, सहाव्या मसुद्यात ती १,०५०, १,७०० आणि १,१५० झाली. शंभर अक्षरे शिल्लक राहिली, ती भरण्याचा मोह त्याने टाळला.

बाकीचे कागद

निवेदनापेक्षा कंटाळवाण्या गोष्टींनी या अर्जात जास्त धाप लावली. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते स्वतंत्र रकान्यात आणि वडिलांचे नाव मुलाच्या नावाला जोडलेले. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहिणे श्रेयस्कर, कारण पुढे व्हिसा त्यावरच निघतो. आमचे महाविद्यालय यूकासकडे नोंदलेले नसल्यामुळे त्याने वैयक्तिक अर्ज केला आणि शिफारसपत्रासाठी मला ईमेलवर दुवा आला. शिफारस देणाऱ्याचा ईमेल संस्थेचा असावा अशी अपेक्षा असते. आमच्याकडे सगळा कारभार खासगी पत्त्यांवर चालतो, त्यामुळे महाविद्यालयाच्या नावाचा पत्ता मिळवायला आठवडा गेला.

शिफारसपत्राचेही आता तीन भाग असतात: संस्थेची माहिती, विद्यार्थ्याच्या कामगिरीवर परिणाम करणारी काही विशेष परिस्थिती असल्यास ती, आणि त्याच्याविषयी अन्य उपयुक्त माहिती. पहिल्या भागात मी राज्य मंडळाची परीक्षा कशी असते, अकरावीचे गुण मंडळाचे नसून महाविद्यालयाचे कसे असतात, हे लिहिले. दुसरा भाग कोरा ठेवला. ओढूनताणून अडचणी उभ्या करण्याचे कारण नव्हते. तिसऱ्यात मी त्याची हुशारी वर्णन केली नाही, नरसाळ्याच्या प्रयोगाच्या दिवशी तो प्रयोगशाळा बंद होईपर्यंत थांबला आणि शिपायाची बोलणी खाऊन गेला एवढेच लिहिले. अपेक्षित गुणांच्या, म्हणजे अंतिम परीक्षेत विद्यार्थ्याला किती मिळतील या शिक्षकाने द्यायच्या अंदाजाच्या, बाबतीत मात्र पेच आला. आपल्याकडे असे गुण देण्याची रीत नाही, आणि वडिलांनी दिवाणजींमार्फत निरोप पाठवला की पंच्याण्णव लिहा, मुलगा काढेल. घटक चाचण्या आणि सहामाही पाहून मी भौतिकशास्त्रात ८६ लिहिले. फुगवलेल्या अपेक्षेवर मिळालेला सशर्त (ठरावीक गुण मिळाले तरच पक्का होणारा) प्रवेश पुढे निकालाच्या दिवशी त्याच मुलाच्या गळ्याशी येऊ शकतो, हे मी त्यांना स्वतः जाऊन सांगितले. चहा मिळाला, पण त्या दिवशी तो जरा गार होता.

अर्ज ९ जानेवारीला, मुदतीच्या पाच दिवस आधी, गेला. त्या आठवड्यात पूर्वपरीक्षा चालू होती.

पाचपैकी एका विद्यापीठाने नकार दिला. त्याचे कारण आम्हाला कळलेले नाही. तिघांनी सशर्त प्रवेश देऊ केला, त्यांपैकी एकाची अट गणितातल्या गुणांची आहे आणि ती त्याच्यासाठी सोपी नाही. पाचव्याने जानेवारीच्या अखेरीस वीस मिनिटांचे ऑनलाइन संभाषण ठेवले. ग्राफीनविषयी किंवा बालपणाविषयी काही विचारले नाही. प्राध्यापकांनी त्या हजेरीवहीचे छायाचित्र दाखवायला सांगितले आणि पुन्हा संधी मिळाली तर काय बदलशील, असे विचारले. त्याने सांगितले की एकाच लॉटचे चार बीम चारही मागांवर एकाच दिवशी चढवीन, दोन मागांभोवती ओली गोणपाटे टांगीन आणि दोन तशीच ठेवीन. त्यावर त्यांनी विचारले, मग सूत आणि कांजी वेगळी कशी करशील? खळ न लावलेल्या सुताचे तुकडे त्याच जागी टांगून त्यांची ताकद वेगळी मोजावी लागेल, असे तो थोडा थांबून म्हणाला, आणि ती मोजायला काय वापरशील या पुढच्या प्रश्नावर अडकला. या ठिकाणचा निर्णय हे लिहीपर्यंत आलेला नाही.

मंडळाची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये त्याने वडिलांकडून चार बीमची परवानगी काढली. दोन मागांभोवती सध्या गोणपाटे टांगलेली आहेत, आणि खिडकीच्या गजाला स्प्रिंगचा काटा बांधून तो सुताचे तुकडे ओढून पाहतो आहे. जॉबरची तक्रार अशी की गोणपाटाचे पाणी मागावर ठिबकते आणि कापडावर गंजाचे डाग पडतात. डाग पडलेल्या मीटरचे पैसे कोणाच्या खात्यावर घालायचे, हे दिवाणजींनी अजून ठरवलेले नाही.